गिराण कुणाचं, नोंद कुणाची

"दे दान, सुटे गिराण!"

ही आरोळी तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलीय मला माहीत नाही. मी ऐकलेली नाही. माझ्या आजीनं ऐकलीय आणि दिलीय सुद्धा. ग्रहण लागलं की मांगवाड्यातल्या आणि महारवाड्यातल्या बाया टोपल्या घेऊन गावात शिरायच्या. एरवी ज्या गल्लीत नुसती सावली पडली तरी विटाळ व्हायचा, त्याच गल्लीतनं त्या दिवशी आरोळी देत फिरायचं. दारातनं जुनेर, मूठभर जोंधळे, मिठाचा खडा, एखादा पैसा टोपलीत पडायचा. तोही लांबनं. कारण काय, तर राहू-केतू म्हणे आपल्या जातीचे! सूर्याला गिळणारा राक्षस मांगा-महारांचा, म्हणून त्याच्या भावकीला दान दिलं की तो सूर्याला सोडणार.

मित्रांनो, आकाशातल्या घटना जुन्या माणसांनी कशा पाहिल्या आणि कशा लिहून ठेवल्या, यावर गेली दोन वर्षं मी मिळेल ते वाचतोय. शाळा दहावीला सुटली. सूतगिरणीतली पाळी सुटल्यावर वाचनालय गाठायचं, हीच माझी शाळा. त्या वाचनातून एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली. आकाश सगळ्यांना सारखं दिसतं, नोंद मात्र सगळ्यांची होत नाही. ती कशी, हे सांगायला मी हा लेख लिहितोय.

सुरवात आजीपासनंच करतो.

आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जून १९५२. एक जून ही आपल्या निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख आहे. कुणा मास्तरनं, कुणा कारकुनानं अंदाजानं टाकलेली. आजीला तिचा जन्म माहीत नाही, पण गिराण माहीत आहे. ती सांगते, "पेरणी चालली हुती बग. म्या धाकल्या भावाला कडंवर घेऊन आईच्या मागनं पळत हुते. माजं म्होरलं दात पडल्यालं. दिस बुडायच्या टायमाला गिराण लागलं. आमी वरडून वरडून घसा फोडला, पर ते काय सुटलं न्हाई. आर्दा खाल्ल्याला दिस तसाच बुडाला. आई म्हणली, आता दान कशाचं, गिराण तर संगंच घिऊन गेला."

मी ग्रहणांची कोष्टकं काढून बसलो. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. त्यानंतर आमच्या वाड्यातनं कुणी टोपली घेऊन गेलं नाही, म्हणजे गोष्ट त्याच्या आधीची. पेरणी म्हणजे जून-जुलै. सूर्यग्रहण, संध्याकाळचं, आणि सूर्य ग्रासलेलाच मावळलेला. २० जून १९५५ ला एक ग्रहण झालं, पण ते सकाळचं. मग सापडलं ते ३० जून १९५४ चं. अमेरिकेत सूर्योदयाला सुरू झालेलं खग्रास ग्रहण युरोप, इराण ओलांडून राजस्थानात जोधपूरच्या बाजूला सूर्यास्ताला संपलं. आपल्याकडं ते खंडग्रास होतं आणि ग्रहण चालू असतानाच सूर्य मावळला. पंचांगवाले त्याला ग्रस्तास्त म्हणतात. आजीचा अर्धा खाल्लेला दिस तो हाच.

आता हिशोब करा. कागदानं १९५४ साली आजी दोन वर्षांची. दोन वर्षांचं लेकरू धाकट्या भावाला कडेवर घेऊन पळेल काय? पुढचे दात पडलेले, म्हणजे सात-आठ वर्षांची असणार. कागद निदान पाच-सहा वर्षांनी चुकलाय. पासष्ट पुरी झाल्याशिवाय श्रावणबाळ योजनेचे पैसे नाहीत, आणि कागदावर पासष्ट व्हायला आजीला तेवढी वर्षं जास्त खुरपणीला जावं लागलं. आकाशाची साक्ष कचेरीत चालत नाही.

मी केलं ते काही जगावेगळं नाही. इतिहासाचे मोठमोठे पंडित हेच करतात. जुन्या लेखात ग्रहण सापडलं की आकडेमोड करून त्याचा दिवस काढतात, आणि त्या एका खुंट्याला राजे, लढाया, दुष्काळ अडकवत जातात. फरक एवढाच की त्यांच्या हातात लेख असतो आणि माझ्या हातात एका म्हातारीचं बोलणं होतं.

सगळ्यात चिवट लेख बाबिलोनचे. आजचा इराक, फरात नदीच्या काठचं शहर. तिथले लेखनिक ओल्या मातीच्या विटेवर बोरूच्या टोकानं खुणा दाबून लिहायचे. या रोजनिशीच्या विटा इ.स.पू. सातव्या शतकापासनं पहिल्या शतकापर्यंतच्या सापडतात. म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षं, बापानंतर पोरगा, पोरानंतर नातू, रात्री वर बघायचा आणि सकाळी लिहायचा. त्यातल्या पुष्कळ विटा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

काय लिहायचे? चंद्र कुठल्या ताऱ्याजवळ होता, ग्रहण कधी लागलं, कधी सुटलं. आणि त्याच विटेवर बाजारभाव! एका शेकेल चांदीला सातू किती मिळाले, खजूर किती, तीळ किती, लोकर किती. नदीचं पाणी किती चढलं. इ.स.पू. ३२३ च्या जून महिन्याच्या विटेवर राजा मेल्याची नोंद आहे. हा राजा म्हणजे जग जिंकणारा अलेक्झांडर. लेखनिकानं त्याला अर्धी ओळ दिली आणि पुढं लिहिलं की आकाशात ढग होते. हे वाचून मला लई बरं वाटलं. पण एक विसरू नका. हे लेखनिक मार्दुक देवाच्या देवळाच्या आश्रयाला होते. सातूचा भाव त्यांनी लिहिला. सातू कापणाऱ्याचं नाव त्यांनी लिहिलेलं नाही.

एवढी वर्षं लिहिल्यावर त्यांना एक गोष्ट उमगली. २२३ चांद्रमास, म्हणजे १८ वर्षं आणि सुमारे ११ दिवस गेले की तसलंच ग्रहण पुन्हा येतं. त्याला आता सारोस म्हणतात. वर एक आठ तासांची शिल्लक राहते, म्हणून पुढचं ग्रहण पृथ्वीच्या दुसऱ्या भागावर पडतं. तीन सारोस झाले, म्हणजे ५४ वर्षं आणि महिनाभर, की फिरून त्याच बाजूला. राक्षस असा वेळापत्रकानं जेवायला येत नाही. वेळापत्रक सापडलं तेव्हाच राक्षस मरायला पाहिजे होता.

इ.स.पू. १३६ च्या १५ एप्रिलला बाबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण झालं. दिवसा चार ग्रह आणि तारे दिसले, हे त्यांनी लिहून ठेवलं. दोन हजार वर्षांनी रिचर्ड स्टीफन्सन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं ती नोंद तपासली. पृथ्वी तेव्हापासनं आजपर्यंत एकाच वेगानं फिरत आली असं धरलं, तर ती खग्रास पट्टी बाबिलोनच्या हजारो किलोमीटर पश्चिमेला पडते. पण ग्रहण तर बाबिलोनमध्ये दिसलं होतं. म्हणजे मधल्या काळात पृथ्वीचं फिरणं मंदावलंय, आणि त्या मंदावण्यामुळं घड्याळात साठत गेलेला फरक सव्वातीन तासांचा. एका कारकुनाच्या विटेनं अख्ख्या पृथ्वीचा हिशोब दुरुस्त केला. नोंद म्हणजे काय चीज असते ते यावरनं ओळखा.

पण याच मुलखात, बाबिलोनच्या उत्तरेला असीरियात, ग्रहणाचा दुसरा एक कागद सापडतो. एसरहद्दोन नावाचा राजा होता, इ.स.पू. ६८१ ते ६६९. त्याच्या ज्योतिषांची पत्रं मातीच्या विटांवर शिल्लक आहेत. चंद्रग्रहणात चंद्राचा अमुक भाग काळवंडला की राजाला मरण, अशी समजूत होती. मग ज्योतिषी काय करायचे? एखादा कैदी, एखादा साधाभोळा, ज्याच्या मरणानं कुणाचं काही अडत नाही असा माणूस धरून आणायचे. त्याला राजाचे कपडे घालायचे, सिंहासनावर बसवायचे. खरा राजा तोवर लपून राहायचा आणि पत्रात त्याला 'शेतकरी' म्हणून लिहायचे. मुदत भरली, जास्तीत जास्त शंभर दिवस, की त्या बदली राजाला मारून टाकायचे. पत्रात लिहायचं, तो आपल्या नशिबाला गेला.

मी गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो होतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ग्रहण चंद्राला लागलेलं, भीती राजाला वाटलेली, आणि मरण बदलीवाल्याला.

चीनमध्ये तर आकाश ही सरकारी मालमत्ताच होती. शांग राजवटीतल्या हाडांवर, म्हणजे तीन हजार वर्षांमागं, ग्रहणाच्या नोंदी कोरलेल्या आहेत. पुढं बादशहाच्या वेधशाळेत रोज रात्री अधिकारी बसायचे. ४ जुलै १०५४ ला वृषभ राशीत त्यांना नवा तारा दिसला. त्याला ते पाहुणा तारा म्हणाले. तेवीस दिवस तो भर दिवसा दिसत होता आणि १०५६ च्या एप्रिलपर्यंत रात्री दिसत राहिला. तिथं आता एका फुटलेल्या ताऱ्याचा ढग दिसतो, खेकडा तेजोमेघ. चिन्यांनी लिहून ठेवलं म्हणून त्याचं वय सांगता येतं. पण सातव्या शतकातल्या तांग राजवटीच्या कायद्यात खाजगी माणसानं आकाश मोजायची यंत्रं आणि ग्रंथ घरात ठेवणं हा सक्तमजुरीचा गुन्हा होता. वर काय चाललंय हे खालच्या माणसाला कळलं, तर बादशहाच्या गादीचं दैवी वजन जातं.

आता आपल्या देशात येतो. इथं तुम्ही म्हणाल, आपल्याकडं अज्ञान होतं, म्हणून राहू-केतू झाले. मित्रांनो, तसं नाही. माझा सगळा लेख या एका मुद्द्यासाठी आहे. अज्ञान नव्हतं. माहीत होतं.

आर्यभटानं ४९९ साली स्वच्छ लिहिलं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. सहाव्या शतकात वराहमिहिरानं तेच सांगितलं. मग ६२८ साली ब्रह्मगुप्त आला. गणितात हा माणूस डोंगराएवढा, शून्याचे नियम लिहिणारा. त्यानं सावलीचं माप काढून ग्रहणाचं गणित बसवलं. आणि त्याच ग्रंथात त्यानं आर्यभट, वराहमिहिर यांच्यावर टीका केली, की राहू ग्रहण करत नाही म्हणणं चुकीचं आहे. पुरावा काय दिला? वेद सांगतो म्हणून, आणि मनूची स्मृती सांगते म्हणून! पुढचं कारण तर त्याहून भारी. राहू खोटा म्हटला तर ग्रहणातले सगळे विधी वाया जातील, त्याचं पुण्य मिळणार नाही.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. अल्बेरूनी नावाचा परदेशी विद्वान अकराव्या शतकात इथं आला, संस्कृत शिकला आणि १०३० च्या सुमाराला त्यानं हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं ब्रह्मगुप्ताचं हे म्हणणं उतरून घेतलंय आणि विचारलंय, की स्वतः सावलीचं गणित करणारा माणूस असं का बोलतो? आपल्या लोकांना सांभाळून घ्यायला, का सॉक्रेटिसासारखी गत होईल या भीतीनं? अल्बेरूनीनं शंकेचा फायदा दिला. मी देणार नाही. सावली ठाऊक असून राहू जिवंत ठेवला, म्हणून माझ्या पणजीच्या हातात टोपली आली. ब्रह्मगुप्तानं ज्या मनूचा आधार घेतला, त्याच मनूची स्मृती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला का जाळली, हे मला त्या पानावर नव्यानं कळलं.

आता विधी वाया जाऊ नयेत म्हणजे नेमकं काय वाया जाऊ नये? याचं उत्तर ताम्रपटांत आहे. आपल्याकडं ग्रहणाच्या नोंदी कुठं सापडतात? तर जमिनीच्या दानपत्रांत. ग्रहणात दिलेल्या दानाचं पुण्य मोठं, म्हणून राजे ग्रहणाचा मुहूर्त धरून ब्राह्मणांना गावंच्या गावं द्यायचे, आणि ते तांब्यावर कोरायचे. राष्ट्रकूट राजा तिसऱ्या गोविंदाचा एक ताम्रपट गुजरातेत राधनपूरला सापडला. शके ७३०, श्रावण अमावास्या, सूर्यग्रहण. पंडितांनी तारीख काढली २७ जुलै ८०८. त्या ग्रहणात एक अख्खं गाव दान गेलं. गावात राबणारी माणसंही गावाबरोबर गेली, त्यांना कुणी विचारलं नाही.

दुसरा लेख आपल्या खानदेशातला, चाळीसगावजवळच्या पाटणचा. भास्कराचार्य, ज्यानं ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला, त्याचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबाचे ग्रंथ शिकवायला त्यानं पाटणला मठ काढला. शके ११२८ च्या, म्हणजे १२०७ सालच्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, सोइदेव नावाच्या मांडलिकानं मठाला दान दिलं. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला निघेल त्याच्या गिऱ्हाइकाकडनं राजाला मिळणारा कर मठाला दिला, आणि जेवढे घाणे चालतील त्या दर घाण्यामागं पळी पळी तेल. गणित शिकवणारा मठ म्हणून मला आनंद वाटला, खोटं कशाला बोलू. पण घाणा ओढणाऱ्या तेल्याचं पोर त्या मठात पाटीवर सावलीचं गणित करत बसलं असेल, असं तुम्हाला वाटतं काय?

एकाच ग्रहणात दोन दानं व्हायची, मित्रांनो. एक ताम्रपटावर कोरलेलं, चंद्र-सूर्य आहेत तोवर चालणारं. दुसरं फाटक्या जुनेराचं, संध्याकाळी टोपलीत टाकलेलं. पहिल्याचा दिवस, तिथी, राजा, घेणारा, सगळं पंडितांना ठाऊक. दुसऱ्याची एक ओळ कुठं नाही. पहिलं दान घेणारा दाता झाला, ज्ञाता झाला. दुसरं घेणारा राक्षसाचा भाऊबंद ठरला.

इथं आपल्या घरातलंही बोललं पाहिजे. संयुत्तनिकायात चंदिमसुत्त आणि सुरियसुत्त अशी दोन सुत्तं आहेत. राहूनं चंद्राला धरलं, चंद्र बुद्धाला शरण गेला आणि बुद्धानं राहूला सोडायला सांगितलं, अशी त्यात गोष्ट आहे. कुणी वादात पुढं केली तर मान खाली घालू नका आणि नाकारूही नका. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात चंद्रग्रहण होईल, सूर्यग्रहण होईल असली भाकितं सांगून पोट भरणं ही चुकीची उपजीविका म्हटलेली आहे, तेही वाचा. बाबासाहेबांनी आपल्याला तपासून घ्यायला शिकवलंय. ते आपल्या ग्रंथांनाही लागू आहे.

आता आजीकडं परत जातो. ३० जून १९५४ मध्ये तीन सारोस मिळवा. येतो १ ऑगस्ट २००८. त्या दिवशी खरंच ग्रहण होतं. रशिया-चीनमध्ये खग्रास, आपल्याकडं दुपार कलल्यावर खंडग्रास. मी तेव्हा शाळकरी पोरगा. शेजारच्या घरांची दारं लागलेली. आमच्या पत्र्याला भोकं होती, त्यातनं जमिनीवर कवडसे पडायचे. ढग घटकाभर पांगले आणि आजी म्हणाली, "हिकडं बग." जमिनीवरचा प्रत्येक कवडसा एका बाजूनं कुरतडलेला होता. भोक म्हणजे भिंग, आणि कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र, हे मी पुढं वाचलं. आजीनं टोपली घेऊन पाहिलेलं ग्रहण चौपन्न वर्षांनी माझ्या अंगणात आलं होतं, आणि या खेपेला आमच्या घरातलं कुणी आरोळी द्यायला गेलं नव्हतं. ते आकाशानं केलं नाही. महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब सांगून गेले होते, मेलेलं खाऊ नका, उष्ट्यावर जगू नका. ते ऐकून माझ्या पणजीच्या पिढीनं केलं.

ग्रहणात चौकात जमून जेवायचा कार्यक्रम आपली मंडळं करतात. चांगलं आहे, मीही जेवलोय. पण तेवढ्यावर भागत नाही. दिवा, चेंडू आणि लिंबू घेऊन पोरांना सावली दाखवा. आणि वस्तीतल्या सत्तरीच्या पुढच्या प्रत्येक माणसाला विचारा, तुझ्या लहानपणी गिराण कधी लागलं होतं, सकाळी का सांजच्याला, शेतात काय चाललं होतं, तुझ्या टोपलीत काय पडलं, कुणी टाकलं, काय म्हणून टाकलं. कोष्टकं माझ्याकडं आहेत. साल आपण काढू. ज्यांना जन्मतारीख नाही त्यांना निदान साल देऊ. ही माणसं दरवर्षी कमी होतायत. ती गेली की दुसऱ्या दानाचा एकमेव पुरावा गेला.

२ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण आपल्याकडं दुपारनंतर खंडग्रास दिसणारं आहे. पावसाळ्याचे दिवस. ढग असले तर ढग होते असं लिहा, बाबिलोनवाले लिहायचे. जोंधळ्याचा भाव लिहा, आपली रोजची हजेरी किती तेही लिहा. आणि कापणाऱ्याचं नाव लिहा, जे त्यांनी लिहिलं नाही.

हा लेख आजीला वाचून दाखवला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "माज्या आईचं नाव घातलंस का?" नव्हतं घातलं. गावभर आरोळी देत फिरलेल्या त्या बाईचं नाव मी सुद्धा विसरलो होतो. तिचं नाव सावित्रा. तांब्याचा पत्रा आपल्याकडं नाही, स्टेन्सिल आहे. त्यावर कोरलंय.

जय भीम.